एक फुटावरचा उजेड

मालवणात दांडीवर माझं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणायचं एवढंच. पत्र्याची शेड, एक ड्रिल मशीन आणि खुंटीला टांगलेली वायरींची वेटोळी. बोटींचे केबिनमधले दिवे, नेव्हिगेशनचे लाल-हिरवे दिवे, इन्व्हर्टर, चार्जर असली कामं येतात. एलईडीचा झोत सोडून मासे गोळा करण्यावर २०१७ पासून केंद्र सरकारची बंदी आहे, त्यामुळे ते काम घेऊन कुणी आलाच तर त्याला चहा पाजून परत पाठवतो. सांगायचं काय, तर खाऱ्या हवेत दिवा कसा टिकवायचा एवढी एकच विद्या माझ्याकडे आहे. तान्ह्या बाळांशी माझा संबंध बारशाच्या घुगऱ्यांपुरता.

जुलै २०१९ मध्ये ताईला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी पोर पिवळी दिसायला लागली. आमची आजी दवाखान्यात येऊन बसली होती, ती म्हणाली, "ह्या चेडवाक कोवळा उन दाखवक् होया." म्हणजे पोरीला कोवळं ऊन दाखवायला हवं. ताईच्या सासूबाई खिडकीकडे बघून म्हणाल्या, "उन खयसून हाडू? पंधरा दिस सूर्य दिसाक नाय." बाहेर असा पाऊस, की समोरचा माड दिसत नव्हता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, कावीळ निघाली, आणि ती उतरायला बाळाला निळ्या लाईटखाली ठेवायला सांगितलं. त्या गावाचं आणि दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण माणसं चांगली होती आणि जे पाहिलं ते पुढे इतर ठिकाणीही पाहिलं. स्टँडवर ट्यूबांची पेटी, खाली पाळणा. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरगी उघडी झोपली होती. रात्री साडेअकराला वीज गेली. वॉर्डातला पंखा आणि एक बल्ब इन्व्हर्टरवर चालू राहिला, ही पेटी बंद पडली. दोन तासांनी वीज आली तेव्हा धंद्याच्या सवयीने मी पेटीकडे पाहिलं. एक ट्यूब मेलेली, दोघींची टोकं काळी पडलेली, आणि पेटी सिस्टरच्या गळ्याच्या उंचीला. खाली पाळण्यात उजेड कसला, नुसती निळसर झाक होती. विचारलं, एवढी वर का? सिस्टर म्हणाल्या, "खाली घेतला तर वाकताना डोक्याक लागता, दादा."

भाची पाचव्या दिवशी घरी आली, आता शाळेत जाते. पण ती गळ्याच्या उंचीची पेटी माझ्या डोक्यात राहिली.

पुढच्या जानेवारीत कुडाळच्या बाजूला एका बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे इन्व्हर्टर दुरुस्तीला गेलो. बिल करताना सहज म्हटलं, "मॅडम, बॅटरीवर चालणारा निळा दिवा करून दिला तर? त्यात काय आहे, दिवाच तर आहे." त्या हसल्या. "तुम्ही पॅरासिटामॉल द्यायला आलात आणि किती मिली ते विचारलंच नाहीत. हा दिवा नाही हो, डोस आहे."

मग त्यांनी समजावलं, ते माझ्या भाषेत असं. तांबड्या पेशी मोडतात त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. मोठ्या माणसाचं यकृत ते पाण्यात विरघळेल असं करून बाहेर टाकतं. नवजात बाळाचं यकृत अजून कामावर रुजू झालेलं नसतं. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी साधारण ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी ८० टक्के पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. बहुतेकांचं आपोआप उतरतं. काहींचं चढत जातं, आणि फार चढलं तर ते मेंदूत शिरतं. मग कान जातात, हातपाय वळतात, आणि ते परत दुरुस्त होत नाही. निळा उजेड कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच बदलतो. बदललेला रेणू यकृताच्या शिक्क्याशिवाय पित्तातून, लघवीतून निघून जातो. उजेड मात्र ४६० ते ४९० नॅनोमीटरचा हवा, आणि जोरात इलाज करायचा तर बाळाच्या कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला किमान ३० मायक्रोवॉट पडायला हवेत.

मी आजीचं ऊन त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, आजी अगदीच चुकीच्या नाहीत. १९५६ मध्ये इंग्लंडात एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या. ऊन पडलं की त्या बाळांना बाहेर अंगणात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकं पडलेलं आणि एक त्रिकोण तेवढा पिवळाजर्द. चादरीचं टोक जिथे होतं तिथला. त्यातूनच पुढे रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ट्यूबांची पेटी केली आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. "पण उन्हाचा डोस मोजता येत नाही," मॅडम म्हणाल्या, "त्यात अतिनील किरणं असतात, बाळ गारठतं नाहीतर तापतं. आणि तुमच्या कोकणात ते जुलैत मिळत नाही, हे तुम्ही पाहिलंतच."

मी घरी आलो तो दिवा करायचाच असं ठरवून.

पहिली चूक लगेच केली. लॅमिंग्टन रोडवरून निळे एलईडी मागवले, शेजारच्या फोटोग्राफरकडून लक्समीटर आणला आणि मोजलं. माझा निळा दिवा अगदी मरतुकडा निघाला आणि बाजूचा दहा वॉटचा पांढरा बल्ब त्याच्या कितीतरी पुढे. दोन दिवस मी एलईडीवाल्याला शिव्या घातल्या. मग कळलं, की लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त भाव देतो आणि निळ्याला जवळजवळ काहीच देत नाही. बिलिरुबिनला आपल्या डोळ्याशी काही देणंघेणं नाही. म्हणजे मासळी मोजायला कापडाची पट्टी घेऊन बसल्यासारखं झालं. शिवाय दुकानदार ज्याला नुसतं 'ब्लू' म्हणतो त्यात ४५० चा रॉयल ब्लू पण येतो आणि ४७० चा पण. पिशवीवर आकडा नसेल तर घेऊच नये, हे तेव्हापासून पाळतो.

खरा, ते मायक्रोवॉट मोजणारा मीटर महाग. मॅडमच्या ओळखीने कोल्हापुरात एक बायोमेडिकल इंजिनियर भेटले, त्यांच्याकडे होता. चादरीत गुंडाळलेला दिवा मांडीवर घेऊन एसटीने फोंडा घाट चढलो. कंडक्टरने विचारलं, काय आहे? म्हटलं, बाळाचा दिवा. त्याने लगेजचं तिकीट फाडलं नाही.

त्या मीटरने डोळे उघडले. ३० सेंटिमीटरवर मधोमध ३४ आले. मी खूश. इंजिनियरसाहेब काही बोलले नाहीत, मीटर सरकवत कडेला नेला. डोक्याच्या जागी १९, पायाच्या जागी १८. मी एलईडी सारख्या अंतरावर ओळीने लावले होते, आणि तसं लावलं की मध्यावर चारी बाजूंचा उजेड जमा होतो, कडा उपाशी राहतात. मग त्यांनी दिवा ४५ सेंटिमीटरवर उचलला. मधले ३४ चे २० झाले. वीतभर वर गेला नाही तोच डोस निम्म्यावर यायला निघाला! तेव्हा मला ती गळ्याच्या उंचीची पेटी आठवली आणि पोटात कसंतरी झालं.

परत येऊन कडांना एलईडी दाट केले, मध्ये विरळ. मग लॉकडाऊन लागला आणि दिवा वर्षभर शेडमध्ये पडून राहिला.

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं. आमच्या वाडीत आठ दिवस वीज नव्हती. माझ्या शेडचे चार पत्रे गेले, पण बॅटऱ्या शाबूत होत्या. दुसऱ्या रात्री म्हटलं, चला, हाच दिवा लावू. तीस वॉटचा दिवा, बारा व्होल्टची ४२ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी. निम्म्यापर्यंतच उतरवायची म्हटली तरी आठ तास निघायला हवेत, हिशेब तपासून होईल. वाडीतली माणसं मोबाईल चार्जिंगला येऊन बसली. निळ्या उजेडात सगळ्यांचे ओठ जांभळे. आजी दारातूनच ओरडली, "अरे मेल्या, सगळी बुडान मेल्यासारखी दिसतत!" हसण्यावारी नेलं, पण हे वाक्य पुढे कामाला आलं.

आणि मग पाखरं आली. पाऊस पडून गेला की वाळवीची पाखरं उठतात ती कोकणात कुणाला सांगायला नको. वाडीत दुसरा दिवा नव्हता. झाडून सगळी माझ्या दिव्यावर. पेटीच्या वरच्या बाजूला पंख्याचं भोक आणि कडेला हवेच्या फटी ठेवल्या होत्या, अगदी कॉम्प्युटरसारख्या, फार हुशारी करून. सकाळी पेटी उघडली तर खालच्या अ‍ॅक्रिलिकवर पंखांचा बोटभर जाड थर, पंख्यात चिकट लगदा, आणि लगद्यात अजून वळवळणारे किडे. हे जर बाळाच्या अंगावर लटकणाऱ्या पेटीत झालं असतं तर? वरून उजेडही अडला असता, ते वेगळंच.

पंखा त्या दिवशी काढला तो कायमचा. तसाही खाऱ्या हवेत पंख्याचं बेअरिंग फार काळ टिकत नाही, आणि तो वारा उघड्या बाळाला गार करतो. आता पेटीला एकही भोक नाही. एलईडी अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाटावर, पाटाची पाठ हीच पेटीची पाठ, उष्णता तिथून वर निघून जाते. खाली पॉलिकार्बोनेट, म्हणजे आत काही सुटलं तरी बाळावर पडणार नाही. वायर आत शिरते तिथे बोटीला लावतो तीच, पाणी आत न जाऊ देणारी ग्लँड. सगळं सीलबंद.

इथे दुसरी चूक. सील करायला बोटीला लावतो तो नेहमीचा सिलिकॉन वापरला, व्हिनेगरसारखा वास येतो तो. मॅडमनी पेटी नाकाशी नेली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. वास जाईल म्हणून महिनाभर ठेवली, उघडली तर तांब्याच्या वायरींच्या टोकांना हिरवट बुरशीसारखं चढलेलं. तो सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतो. बोटीवर उघड्या वाऱ्यात कळत नाही, बंद पेटीत ते कुठे जाणार? न्यूट्रल क्युअरचा, म्हणजे असं अ‍ॅसिड न सोडणारा आणला, थोडा महाग पडतो. पंचवीस वर्षं सिलिकॉन लावतोय, हे मला नवजात बाळाच्या निमित्ताने कळावं!

दिवा तयार झाला असं मला वाटलं तेव्हा मॅडमनी त्यांच्या दोन सिस्टरना बोलावलं. बाळ नव्हतं; भाचीची बाहुली पाळण्यात ठेवली होती. चाचण्या आणि परवानगी झाल्याशिवाय खऱ्या बाळावर एक मिनिटही नाही, हे मॅडमनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मी बाजूला उभा राहिलो आणि काही बोलायचं नाही असं मला सांगितलं होतं.

मोठ्या सिस्टरनी पाच मिनिटांत माझ्या दोन वर्षांचा निकाल लावला. बाहुलीचा लंगोट बदलायला वाकल्या, कपाळ पेटीवर आपटलं, आणि काहीही विचार न करता डावा हात वर गेला, पेटीची उंची धरणारी स्टँडची खुंटी सैल केली, पेटी हातभर वर सरकवली. लंगोट बदलला. पेटी तिथेच राहिली. मी तोंड उघडणार तर मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं. पुढचं सगळं काम सिस्टरनी तशा उंच दिव्याखाली व्यवस्थित केलं. त्यांची काही चूक नव्हती. एका वेळी आठ बाळं सांभाळणारी बाई कपाळाला टेंगूळ घेऊन सेंटिमीटर मोजत बसणार नाही.

मग खुंटीच काढून टाकली. स्टँडचा हात वर-खाली होतच नाही, फक्त दारासारखा बाजूला फिरतो. वाकायचं असेल तर पेटी बाजूला ढकला, काम झालं की परत ओढा, खट्ट आवाज होऊन जागेवर बसते. उंची तीच. पण पाळणे सगळीकडे वेगवेगळ्या उंचीचे, त्यामुळे पहिल्यांदा बसवताना तरी अंतर जुळवावं लागतंच. त्यासाठी मी गवंड्याच्या ओळंब्यासारखी दोरी पेटीच्या कडेला लावली, टोकाला जाळं तरंगायला लावतात ते छोटं बोयं. बोयं बाळाच्या छातीच्या पातळीला आलं की झालं. मला ही कल्पना फारच आवडली होती. मॅडम म्हणाल्या, "बाळाच्या पाळण्यात लोंबणारी दोरी? गळ्यात अडकेल. आणि ती धुणार कोण?" दोरी गेली. तिच्या जागी स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी बिजागरीवर बसवली. हाताने खाली पाडायची, बघायचं, परत पेटीला चिकटवून टाकायची. स्पिरिटने पुसता येते.

धाकट्या सिस्टरचं म्हणणं वेगळं होतं. "निळ्यात बाळ खरंच निळं पडलं तर आम्हाला कळणार कसं?" आजीचं वाक्य! शिवाय तासन् तास त्या उजेडाशेजारी काम करून त्यांचं डोकं चढतं, मग कुणीतरी पाळण्यावर जाड चादर टाकतं, तीही भलतीकडे. (कडेने पांढरं कापड हवा न अडवता लावलं तर उजेड उलट परततो आणि फायदाच होतो, पण ते वेगळं.) मी एक बटण दिलं: दाबलं की निळा बंद, पांढरा चालू, तीन मिनिटांनी आपोआप परत निळा, म्हणजे विसरायला नको. मला वाटलं, आता काय बोलतील. ती म्हणाली, "तेवढ्या वेळात मी डोळ्यांची पट्टी काढून डोळे पुसत असेन तर?" मी गप्प. आता निळा लागायच्या आधी दहा सेकंद टिक टिक वाजतं, आणि बटण पुन्हा दाबलं की आणखी तीन मिनिटं मिळतात. हे बटण त्या पोरीचं आहे, माझं नाही.

आईसाठीही एक बदल केला. स्टँडचे पाय बाहेर आल्यामुळे खाटेशेजारी पाळणा लागतच नव्हता, मग बाळ एका कोपऱ्यात आणि आई दुसऱ्या. दर दोन-तीन तासांनी पाजायचं तर टाके घातलेल्या बाईने उठून चालत जायचं. पाय आता खाटेखाली सरकतात.

सध्या दिवा कागदांच्या पावसात आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे. चाचणीसाठी बनवायलासुद्धा एमडी-१३ चा परवाना लागतो. बाळांच्या फोटोथेरपीच्या दिव्यांसाठी आयईसी ६०६०१-२-५० हे स्वतंत्र मानक आहे, त्याप्रमाणे प्रयोगशाळेत तपासणी, मग एथिक्स कमिटी. सुरुवातीला मला हा सगळा छळ वाटायचा. पाखरांचा तो लगदा आठवला की वाटत नाही. पैसे मात्र लागतात, आणि ते बोटींच्या दिव्यांतून हळूहळू येतात.

मागच्या पावसाळ्यात ताईच्या जावेला त्याच जुन्या दवाखान्यात मुलगा झाला. भेटायला गेलो. पेटी तीच, ट्यूबा मात्र नवीन. आधी एकदा चहा पिताना मी तिथल्या सिस्टरना कोल्हापूरच्या मीटरची गोष्ट सांगितली होती, ३४ चे २० कसे झाले ती. हॅलोजनचा दिवा असेल तर जवळ नेऊ नका, भाजतो, आणि ट्यूबच्या पेटीला कंपनीने सांगितलेलं अंतर पाळा, एवढं मॅडमच्या सांगण्यावरून जोडलं होतं. आता पेटी खाली आलेली होती. तिच्या कडेला ल्युकोप्लास्टने शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी उभी चिकटवली होती, गुलाबी, वर कुणातरी मुलीचं नाव बॉलपेनने कोरलेलं. पेटीच्या पुढच्या कोपऱ्याला कापसाचा जाड बोळा बांधला होता, कपाळ आपटलं तर लागू नये म्हणून.

मी पट्टीकडे बघतोय हे पाहून सिस्टर म्हणाल्या, "माझ्या चेडवाची आसा. तिका नवी घेऊन दिलंय."